नोकरीचा अर्ज : आपल्या कामाची साक्ष

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दहावी, बारावी व पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



नोकरीसाठी अर्ज कसा लिहावा, हा विषय आज मला दिलेला आहे. विषय जाहीर होताच मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकली. ‘अर्ज लिहिणे ही काय शिकण्याची गोष्ट आहे? स्टेशनसमोरच्या दुकानात पन्नास रुपये दिले की बायोडाटा तयार मिळतो!’ मित्रहो, खरी अडचण तिथेच आहे. त्या दुकानातून बाहेर पडणारे सगळे बायोडाटा एकाच साच्यातले असतात. नाव बदलते, फोन नंबर बदलतो, बाकी सारे तेच. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ. टेबलावर असे शंभर कागद पडले आणि शंभरही जण मेहनती व मनमिळाऊ निघाले, तर निवड करणाऱ्या माणसाने करावे तरी काय? तो वरचे चार उचलतो आणि बाकीचे बाजूला सारतो. त्या बाजूला सारलेल्या गठ्ठ्यात आपल्या मुलांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. म्हणून हा विषय मी क्षुल्लक मानत नाही.

आपले गाव पाहा. मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. एके काळी मिठागरे, भातशेती आणि उत्तनच्या बाजूची मासेमारी यांवर जगणारा हा पट्टा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक इथे आले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जिवाच्या भीतीने वस्ती सोडून आलेली कितीतरी मुस्लिम कुटुंबेही इथे स्थिरावली. घर मिळाले, शाळा झाल्या, मुले शिकली. पण रोजी? ती शोधायला सकाळी गाडीच्या दारात लटकून अंधेरी, दादर, चर्चगेट गाठावे लागते. गावात कामे नाहीत असे नव्हे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे व इतर वस्तूंचे लहान कारखाने आहेत, काशिमीऱ्याला महामार्गालगत हॉटेले आहेत, रुग्णालये, शाळा, बँका, दुकाने आहेत. परंतु गावात असो वा बाहेर, ओळखपाळख नसलेल्या दारात आपल्याआधी आपला कागद जातो. तो कागद बोलका असेल तर दार उघडते.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. बायोडाटा, रिझ्यूमे, सीव्ही हे तीन शब्द आपण एकाच अर्थी वापरतो. बायोडाटा म्हणजे व्यक्तीची माहिती. सीव्ही म्हणजे शिक्षण व कार्याचा सविस्तर आढावा. प्राध्यापक, संशोधक, डॉक्टर यांना तो लागतो आणि तो अनेक पानांचा असू शकतो. रिझ्यूमे म्हणजे एका विशिष्ट नोकरीसाठी एक-दोन पानांत केलेला आपल्या पात्रतेचा सारांश. तुम्हांला लिहायचा आहे तो हा तिसरा. परंतु आपल्या घरांत बायोडाटा म्हटले की आठवते लग्न! त्यामुळे नोकरीच्या अर्जातही उंची पाच फूट चार इंच, वर्ण गोरा, वडिलांचा व्यवसाय, भाऊ दोन पैकी एक विवाहित, असा सगळा तपशील उतरतो. हसू नका, असे कागद मी स्वतः तपासले आहेत. कारखान्याच्या मॅनेजरला तुमच्याशी सोयरीक जुळवायची नाही. त्याला विचारायचे आहे एवढेच की, माझे अडलेले काम तुम्ही कराल का?

मग त्याला काय सांगावे? याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा आपल्याच लोकांच्या आयुष्यात मिळाले. रत्नागिरी, रायगडच्या खाडीपट्ट्यातील कित्येक मुस्लिम घरांतले आजे-पणजे बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत एक लहानसे पुस्तक जपून ठेवलेले असे. सरकारी भाषेत त्याला सीडीसी म्हणतात. खलाशी मंडळी त्याला ‘नल्ली’ म्हणत. त्या पुस्तकात काय असे? बोटीचे नाव, कोणत्या हुद्द्यावर चढला, कोणत्या तारखेला चढला, कोणत्या तारखेला उतरला, आणि त्याच्या कामाबद्दल व वर्तणुकीबद्दल शेरा. बस्स! ‘मी फार मेहनती आहे’ असे खलाशी स्वतः त्यात लिहीत नसे. त्याची मेहनत तारखांतून आणि शेऱ्यांतून दिसत असे. कित्येकांना धड सही करता येत नव्हती, पण त्यांची नल्ली जगातल्या कोणत्याही बंदरात त्यांच्या वतीने बोलत असे. विद्यार्थी मित्रहो, चांगला रिझ्यूमे म्हणजे दुसरे काही नसून तुमची नल्ली होय. विशेषणे नकोत, नोंदी हव्यात.

दुसरा दाखला आपल्या धार्मिक इतिहासातला आहे आणि तो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. हजरत खदीजा (रजि.) या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी. आपला माल शामच्या बाजारात नेण्यासाठी त्यांना भरवशाचा माणूस हवा होता. त्यांनी पैगंबरसाहेबांची (स.) निवड केली, ती त्यांच्या सचोटीचा लौकिक ऐकून. नुबुव्वत मिळण्याच्या कितीतरी आधी मक्केचे लोक त्यांना ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, असे म्हणत होते. ही पदवी त्यांनी स्वतःला दिलेली नव्हती. व्यवहार केलेल्या लोकांनी ती दिली होती. तेव्हा ‘प्रामाणिक’ हा शब्द अर्जात आपण लिहायचा नसतो, तो दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो.

तिसरा दाखला परदेशातला. इटलीचा थोर चित्रकार लिओनार्दो द विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागणारे पत्र लिहिले. जगातला सर्वांत थोर चित्रकार म्हणून ज्याची आज गणना होते, त्याने पत्रात आधी काय सांगितले? मी हलके व मजबूत पूल बांधू शकतो, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढू शकतो, तोफा तयार करू शकतो. मुद्द्यामागून मुद्दे असे मांडले आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. कारण त्या सत्ताधीशाला त्या वेळी चित्रांपेक्षा लढाईची चिंता अधिक होती. आपल्याला काय आवडते यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे लिओनार्दोने ओळखले. तुम्हीही जाहिरात दोनदा वाचा. तिच्यात मागितलेल्या गोष्टींखाली रेघ मारा आणि त्यांपैकी जे तुमच्यापाशी खरोखर आहे, ते कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात आणा. प्रत्येक नोकरीसाठी कागद थोडा बदलावा लागतो. एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवणे म्हणजे एकाच मापाचा कुर्ता पन्नास जणांना घालण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. सर्वांत वर आपले नाव, फोन नंबर व ई-मेल. ई-मेलचा पत्ता नावाचाच असावा. शाळेत असताना मौजेने घेतलेला ‘डॅशिंग किंग’ वगैरे पत्ता नोकरीला चालत नाही. घराचा सगळा पत्ता, इमारत व खोली क्रमांकासह, देण्याचे कारण नाही. ‘मीरा रोड (पूर्व), जिल्हा ठाणे’ एवढे पुरे. मॅनेजरला खरी शंका असते ती रोज वेळेवर पोहोचाल का, ही. म्हणून एक ओळ जोडा : ‘पश्चिम रेल्वेमार्गावर कोठेही, कोणत्याही पाळीत काम करण्याची तयारी आहे.’ अर्थात तयारी असेल तरच.

त्याखाली दोन-तीन ओळींत सारांश. त्यानंतर कामाचा अनुभव, सर्वांत अलीकडचा आधी. मग शिक्षण, तेही अलीकडचे आधी. नंतर येणारी कौशल्ये, भाषा, आणि तुमच्याविषयी सांगू शकतील अशा दोन व्यक्ती. त्यांची परवानगी आधी घेतलेली असावी. नवख्या उमेदवाराचे हे सारे एका पानात बसते, बसलेच पाहिजे.

काय गाळावे? उंची, वजन, वर्ण, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या हे सर्व गाळावे. फोटो मागितला असेल तरच लावावा. आणि आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खाते क्रमांक तर मुळीच लिहू नयेत. हा कागद किती हातांतून जाईल याचा नेम नसतो, आणि अशा क्रमांकांवर टपून बसलेले ठग पुष्कळ आहेत. नेमणूक झाल्यावर कार्यालय ही कागदपत्रे रीतसर मागते, तेव्हा ती द्यावीत.

भाषा या रकान्याबद्दल मला विशेष सांगायचे आहे. आपली मुले हा रकाना घाईने ‘इंग्रजी, हिंदी’ असा भरून टाकतात. अरे, तुमच्या घरात किती भाषा नांदतात! आजीची कोकणी बोली, आईची उर्दू, शाळेतली मराठी, बाजारातली हिंदी, शेजारच्या दुकानदाराची गुजराती. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर किंवा बँकेच्या काउंटरवर या मीरा-भाईंदरमध्ये चार भाषा समजणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. मात्र बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, हे वेगवेगळे लिहा. आणि उर्दू माध्यमाच्या माझ्या विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती आहे की, मराठी लिहिण्याचा कंटाळा करू नका. महापालिका, पोलीस, राज्य शासन, कोणतेही दार घ्या, त्याची किल्ली मराठी आहे, आणि ती आपलीही भाषा आहे.

‘पण सर, आम्हांला अनुभवच नाही!’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. गेल्या वर्षी बी.कॉम. झालेल्या एका मुलीने मला तिचा कागद दाखवला. अनुभवाच्या जागी ‘निरंक’ लिहिले होते. मी विचारले, ‘संध्याकाळी तू काय करतेस?’ म्हणाली, ‘काही नाही सर, घरीच असते, इमारतीतल्या मुलांची शिकवणी घेते.’ किती मुले? नऊ. किती वर्षांपासून? तीन. फीचा हिशेब कोण ठेवते? मीच. मित्रहो, नऊ मुलांना तीन वर्षे शिकवणे, त्यांच्या पालकांशी बोलणे आणि पैशाचा हिशेब ठेवणे हा अनुभव नव्हे तर काय? आम्ही लिहिले : ‘तीन वर्षे पाचवी ते सातवीच्या नऊ विद्यार्थ्यांची गणित व इंग्रजीची शिकवणी; फीचा मासिक हिशेब एक्सेलवर.’ निरंकाच्या जागी दोन ओळी आल्या आणि दोन्ही ओळी खऱ्या होत्या.

तसेच मुलग्यांचे. वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा ‘दुकानात मदत’ एवढेच लिहितो. त्याऐवजी त्याने लिहावे : ‘दोन वर्षे भांड्यांच्या दुकानात विक्री, मालाची नोंद, जीएसटी बिले तयार करणे, रोजची रोकड जुळवणे.’ मामाच्या गॅरेजमध्ये सुट्टीत काम केलेल्याने कोणत्या गाड्यांची, कोणती दुरुस्ती केली ते लिहावे. शिलाई येणाऱ्या मुलीने कोणत्या मशीनवर, कोणते कपडे, आठवड्याला किती शिवते ते लिहावे. आकडा आला की वाक्याला वजन येते. आपल्या घरातील श्रमाची आपल्यालाच लाज वाटते, म्हणून आपण ते झाकतो. ती लाज सोडा.

ज्यांच्यापाशी दाखवण्याजोगे खरोखरच काही नाही, त्यांनी ते मिळवावे. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे. त्याखाली कारखान्यांत व कार्यालयांत विद्यावेतनासह शिकता येते व शेवटी प्रमाणपत्र मिळते. आय.टी.आय. आहे. राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर रोजगारासाठी नाव नोंदवता येते. एक वर्षाची उमेदवारी म्हणजे नल्लीतली पहिली नोंद समजा.

आता थोडे नव्या काळाविषयी. मोठ्या कंपन्यांत तुमचा अर्ज पहिल्यांदा माणूस वाचतोच असे नाही. संगणक तो चाळतो व जाहिरातीतील शब्द त्यात आहेत का ते पाहतो. म्हणून जाहिरातीत ‘टॅली’ म्हटले असेल आणि तुम्हांला टॅली येत असेल, तर नुसते ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ न लिहिता ‘टॅली’च लिहा. रंगीत चौकटी, नक्षी, चित्रे टाळा. साधी, सरळ मांडणी यंत्रालाही वाचता येते आणि माणसालाही. फाइल पीडीएफ करून तिला आपले नाव द्या. हल्ली मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात झकपक इंग्रजी लिहून देते. तिची मदत जरूर घ्या, चुका सुधारून घ्या. पण जे वाक्य मुलाखतीत तुम्हांला स्वतःच्या तोंडाने बोलता येणार नाही, ते कागदावर ठेवू नका. कागद पहिलवानाचा आणि समोर बसलेला उमेदवार थरथरणारा, असे दिसले की सगळाच विश्वास उडतो. न केलेल्या नोकरीचे खोटे दाखले तर विषासारखे समजा. आज कंपन्या जुन्या ठिकाणी विचारणा करतात, आणि पकडले गेल्यावर नोकरीही जाते व नावही.

नावावरून आठवले. आपल्या मुलांची मोठी अडचण नावाच्या स्पेलिंगची असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर मोहम्मद पूर्ण, आधारवर त्याचे ‘एमडी’ असे संक्षिप्त रूप, पॅनवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावच नाही! शेखचे स्पेलिंग तर एकाच घरात चार प्रकारचे. अर्जावर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहा आणि बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवून घ्या. आवश्यक तेथे राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद रीतसर करता येते. हे काम नोकरी लागल्यावर नव्हे, आजच करा. आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे. दहावी उत्तीर्ण असाल तर पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट राहत नाही, म्हणून ते प्रमाणपत्र जपा. आणि कोणत्याही एजंटाला पैसे देण्यापूर्वी तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे की नाही, हे पाहा.

आता मी ज्या मुद्द्याकडे येत आहे, तो सभेत बोलावा की नाही याचा मी दोन दिवस विचार करीत होतो. पण मुले तो प्रश्न मला खाजगीत विचारतात, तेव्हा उघडपणे बोलणेच बरे. प्रश्न असा : ‘सर, नाव पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात का?’

नाही, हा तुमचा भ्रम आहे, असे सांगून तुमची समजूत घालणे सोपे आहे. परंतु ते खरे होणार नाही. प्रा. सुखदेव थोरात व अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून तो २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त नावे वेगळी : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. पुढे २०२२ साली लेडबाय फाउंडेशनने एक हजार जागांसाठी दोन सारखेच अर्ज पाठवले, एक हिंदू मुलीच्या नावाने, एक मुस्लिम मुलीच्या नावाने. पहिलीला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, दुसरीला १०३. हे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेत बर्ट्रांड व मुल्लैनाथन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अशाच पाहणीत गोऱ्या लोकांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांच्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. आपल्या संविधानाचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत धर्म, जात, वंश, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई करतो. खाजगी मालकाला मात्र तो थेट बांधत नाही.

मग काय करावे? येथे माझ्या हातून झालेली एक चूक मी तुम्हांला सांगतो. काही वर्षांपूर्वी एक हुशार विद्यार्थिनी महिनोन्महिने अर्ज करून थकली होती. हिशेबाच्या कामात तिचा हात चांगला होता. मी तिला सल्ला दिला, ‘घरी तुला ज्या नावाने हाक मारतात ते नाव कोणत्याही घरात शोभेल असे आहे. तेवढेच लिही, आडनाव गाळ.’ तिने तसे केले आणि मुंबईच्या एका कार्यालयातून आठवड्यात बोलावणे आले. मला माझ्या युक्तीचा अभिमान वाटला. मुलाखतीत प्रमाणपत्रे पुढे ठेवली, त्यांवर पूर्ण नाव होते. समोरचे गृहस्थ उद्धट नव्हते. त्यांनी इतकेच विचारले, ‘हे नाव आपलेच का? मग अर्जावर दुसरे का?’ त्यानंतर सारी मुलाखत नावाभोवतीच फिरली. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. रडली नाही, फक्त म्हणाली, ‘सर, मी हिशेबाची तयारी करून गेले होते, आणि अर्धा तास नावाचाच हिशेब देत बसले.’

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. ज्या मुलीने आयुष्यात कधी खोटे सांगितले नव्हते, तिला मी पहिल्याच दारात खोटी पाडले होते. भेद करणारा दुसराच, आणि मान खाली घालण्याची वेळ तिच्यावर! त्या दिवसापासून मी ठरवले की, नाव लपवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. आईबापांनी दिलेले नाव पूर्ण लिहा, ठळक लिहा. पूर्वग्रह बाळगणाऱ्या माणसाचा आजार आपल्या कागदाने बरा होणार नाही, हे मान्य करून पुढे चला. उत्तर आले नाही म्हणजे आपण नालायक ठरलो, असा अर्थ मात्र कधीही काढू नका. ते आकडे मी तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगितलेले नाहीत. दोष कुठे आहे आणि कुठे नाही, हे तुम्हांला कळावे म्हणून सांगितले.

आणि त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ पाहा. १०३ दारे उघडलीच ना? तर मग जिथे दुसरा दहा अर्ज करतो तिथे आपल्याला वीस-तीस करावे लागतील. हे न्याय्य नाही, पण शक्य आहे. दर रविवारी वहीत नोंद करा : कुठे अर्ज केला, कधी, उत्तर काय आले, पुन्हा विचारणा केली का. दुसरे, जिथे पहिली चाळणी लेखी परीक्षेची असते तिकडे वळा : लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे आकडे असतात, आडनाव नसते. तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, म्हणजे ओळखीच्या माणसाची साक्ष. ‘ही मुलगी मला ठाऊक आहे, हिचे काम चोख आहे’ असे कोणी आतून सांगितले की नावाची भिंत पुष्कळशी खाली येते. आता सांगितलेल्या मुलीला अखेर नोकरी लागली ती अशीच. आमची एक जुनी विद्यार्थिनी सनदी लेखापालाच्या कार्यालयात होती, तिने तिचा कागद तेथे नेऊन दिला. कागदावर पूर्ण नाव होते, आणि मुलाखत संपूर्ण हिशेबावर झाली.

म्हणून हे भाषण केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. या सभागृहात आणि या स्मरणिकेच्या वाचकांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी आहेत, आखातातून आलेले अनुभवी कारागीर आहेत. आपण स्मरणिकेला जाहिरात देता, देणगी देता, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आज मी आपल्याकडे पैसा मागत नाही. वर्षातून दोन विद्यार्थ्यांचे कागद वाचा. चूक दिसली तर सांगा. आपल्या कार्यालयात जागा निघाली तर संस्थेला कळवा. आणि जो मुलगा योग्य वाटेल त्याच्यासाठी एक फोन करा. अयोग्य माणसाची शिफारस मात्र करू नका, कारण एका खोट्या साक्षीने पुढच्या दहा खऱ्या साक्षींची किंमत जाते. आणि आपल्याकडे स्वतःकडे अर्ज येतील तेव्हा कोणाचेही नाव, कोणाचेही आडनाव पाहून कागद बाजूला सारू नका. जो न्याय आपण मागतो, तो आपण द्यायलाही हवा.

संस्थेच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची एक खोली, एक संगणक आणि एक प्रिंटर आम्हांला द्यावा. आम्ही दोन-तीन शिक्षक तेथे बसू. आलेल्या प्रत्येक मुलाचा कागद त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहून देऊ. स्टेशनसमोरच्या दुकानाशी आमची स्पर्धा नाही. फक्त ‘संध्याकाळी तू काय करतेस?’ हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर आज रात्री एक कोरा कागद घ्या. वर आपले पूर्ण नाव लिहा. त्याखाली गेल्या तीन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या दहा कामांची यादी करा, लहान-मोठे न पाहता. तो कागद घेऊन उद्या माझ्याकडे या. पुढचे आपण मिळून लिहू.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.